दोन वर्षांच्या मुलाची ऑटिझम तपासणी व्हिडिओ कॉलवर: आमचा अनुभव

आम्ही खानापूर तालुक्यातले, जांबोटीच्या बाजूचे. मिस्टर बेळगावात उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला, मी घरी शिवणकाम करते. आमचा ओम दीड वर्षाचा झाला तरी हाक मारली की वळून बघायचा नाही. माझी दोऱ्याची रिळं घेऊन उंबऱ्यापासून भिंतीपर्यंत रांग लावायचा, त्यातलं एक जरी हललं तर घर डोक्यावर घ्यायचा. सासूबाई म्हणायच्या, "ह्याचा बापूसबी उशिराच बोलला." एका दवाखान्यात सांगितलं, घरात मराठी, शेजारी कन्नड, मोबाईलवर इंग्लिश, पोरगं गोंधळलंय, एकच भाषा बोला. सहा महिने आम्ही तेच केलं. ते सहा महिने मला अजून सलतात. दोन भाषांमुळे ऑटिझम (स्वमग्नता) होत नाही. आणि शब्द येत नसले तरी मूल बोट दाखवून वस्तू मागतंच. ओम बोट दाखवायचा नाही, हे त्या दवाखान्यात कुणी विचारलंच नाही.

मग आशाताईंकडून बेंगळूरूच्या एका बालविकास केंद्राचा नंबर मिळाला. ओमला एसटीत बसवायचं म्हटलं तरी घाम फुटतो. बेंगळूरू म्हणजे पाचशे किलोमीटर, वर मिस्टरांचा खाडा. व्हिडिओवर तपासतात म्हटल्यावर आम्ही लगेच हो म्हटलं. दोन बैठकांचे मिळून १८०० रुपये घेतले.

आधी फोनवर एका ताईंनी मराठीत वीस प्रश्न विचारले. याला एम-चॅट म्हणतात, १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी असते. यावरून नुसती शंका कळते, निदान होत नाही, हे त्यांनी दोनदा बजावलं. आणि कानाची बेरा चाचणी आधी करून आणायला लावली, कारण ऐकू येत नसलेलं मूलही हाकेला वळत नाही. ती बेळगावात झाली, ओम झोपलेला असताना. कान चांगले निघाले.

पहिली बैठक वाया गेली. जुलैचा पाऊस, आमच्या पत्र्यावर असा आवाज की तपासणाऱ्या मॅडमना ओमचा हुंकारसुद्धा ऐकू जाईना, त्यात वीज गेली. त्यांनी पैसे न घेता दुसरा दिवस दिला, हे मला आवडलं. न आवडलेली गोष्ट म्हणजे तो दिवस तीन आठवड्यांनी मिळाला. एवढ्याशा पोरासाठी तीन आठवडे म्हणजे पुष्कळ झाले.

दुसऱ्या वेळी पडवीत बसलो, रेंज तिथंच एका कोपऱ्यात येते. फोन मशीनच्या टेबलाला टेकवून ठेवला. मॅडम सांगत होत्या आणि मी करत होते: चेंडू लोटा, बुवा-कुक करा, मागून नावानं हाक मारा, थोडं थांबा, परत मारा. करोनात, २०२० साली, दवाखाने बंद पडले तेव्हा अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या मंडळींची अशी पद्धत बऱ्याच ठिकाणी वापरात आली. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी आहे. आईनं खेळवायचं, तज्ज्ञांनी बघायचं.

मग त्या म्हणाल्या, घट्ट झाकणाच्या डब्यात त्याच्या आवडीचा खाऊ ठेवा. मी कुंदा ठेवला. पारदर्शक डबा, आतलं सगळं दिसत होतं. ओमनं दोनदा झाकण ओढलं, मग माझं मनगट धरलं आणि माझी बोटं नेऊन झाकणावर ठेवली. माझ्या तोंडाकडे एकदाही बघितलं नाही. मॅडम हळूच म्हणाल्या, "ताई, आत्ता उघडू नका. थांबा." त्यानं पुन्हा हात ओढला, पक्कड ओढावी तसा. मी रोज चार वेळा डबे उघडून देत होते, पण हे मला कधी दिसलंच नव्हतं. थांबले तेव्हा दिसलं. बेळगावच्या ओपीडीत हाच ओम बाकाखाली शिरून रडत होता, आणि दहा मिनिटांत आम्ही बाहेर आलो होतो.

ऑटिझमचं निदान झालं तेव्हा ओम २६ महिन्यांचा होता. मॅडमनी मिस्टरांना आणि सासूबाईंना दोघांनाही फोनसमोर बसवलं, घाई केली नाही. लसीमुळे झालं का, माझ्या मशीनच्या आवाजानं झालं का, सगळं आम्ही विचारून घेतलं. दोन्हींना त्यांनी "नाही" असंच उत्तर दिलं. त्या रात्री सासूबाईंनी रिळं गोळा केली नाहीत, रांग तशीच राहू दिली.

उणिवाही सांगते. रिपोर्ट इंग्लिशमध्ये आला, मागून घेतला तेव्हा मराठीत फोनवर समजावला. तो लिहूनच मराठीत द्यायला पाहिजे. अपंगत्वाच्या यूडीआयडी कार्डाला हा रिपोर्ट पुरत नाही, सरकारी वैद्यकीय तपासणी वेगळी करावीच लागते. आणि काही मुलांचं व्हिडिओवर नक्की सांगता येत नाही, त्यांना समोर बोलावतात. आता आठवड्याला एक बैठक व्हिडिओवर आणि महिन्यातून एकदा बेळगावात थेरपी, असं चाललंय.

तुमचं मूल हाकेला वळत नसेल, बोट दाखवत नसेल तर ते तीन वर्षांचं होईपर्यंत वाट बघू नका. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना १८ आणि २४ महिन्यांना प्रत्येक मुलाची ऑटिझमची प्राथमिक तपासणी करायला सांगते. नंबर लावताना मराठी बोलणाऱ्या मॅडम पाहिजेत हे पहिल्याच फोनवर सांगा, नाहीतर ज्या रिकाम्या असतील त्या मिळतात. वेळ दुपारच्या झोपेनंतरची मागा, आणि पावसाळ्यात पत्र्याच्या घरात असाल तर शेजारची स्लॅबची खोली तासाभरासाठी मागून घ्या.