घरगुती ऊर्जा लेखापरीक्षण सेवा: तपासणी चोख, अहवाल अर्धवट

गच्चीवर सौर पॅनेल बसवण्यापूर्वी वीजवापर तपासून घ्यावा, या हेतूने मी एका ऊर्जा लेखापरीक्षण सेवेला बोलावले. तंत्रज्ञाने केवळ बिलांवर विसंबून न राहता प्रत्येक उपकरण मीटर लावून मोजले, हे विशेष आवडले. आम्ही बंद समजत असलेला सेट-टॉप बॉक्स सतत 10 वॅट खेचत होता. म्हणजे वर्षाला सुमारे 88 युनिट निव्वळ वाया. फ्रिजच्या दारात त्यांनी कागदाचा कपटा अडकवून ओढला, तेव्हा तो अलगद निसटला आणि रबर झिजल्याचे निदान तिथेच झाले. 75 वॅटच्या जुन्या पंख्यांऐवजी सुमारे 30 वॅटचे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या ब्रशविरहित मोटरचे) पंखे घेण्याचा सल्लाही रास्तच होता.

अहवालाने मात्र निराशा केली. सौर संचाची क्षमता मागील 12 महिन्यांच्या बिलांवरून 3 किलोवॅट काढली होती. स्वतःच सुचवलेली बचत त्यातून वजाच केलेली नव्हती! एखाद्या राज्याच्या ऊर्जा धोरणात कार्यक्षमता एका प्रकरणात आणि वीजनिर्मिती दुसऱ्या प्रकरणात मांडून दोहोंचा मेळ घातला नाही, तर अशीच गफलत मोठ्या प्रमाणावर होते आणि गरजेपेक्षा जास्त क्षमता उभारली जाते. शिवाय आमचा बहुतांश वापर संध्याकाळचा असताना, दुपारी तयार होणाऱ्या विजेचे काय करायचे, याविषयी अहवालात अवाक्षर नव्हते. तक्रार केल्यावर त्यांनी हिशेब सुधारून 2 किलोवॅटचा संच सुचवला, तोही अतिरिक्त शुल्क न आकारता.