इंकस्केपमध्ये काढलेली म्हैस

मी गावोगावच्या दूध संकलन केंद्रांसाठी सॉफ्टवेअर लिहितो. पहाटे साडेपाचला रांग लागते, कॅन काट्यावर चढतो, फॅट मशीनचा आकडा येतो आणि ऑपरेटर ओल्या बोटाने टचस्क्रीनवर ‘गाय’ नाहीतर ‘म्हैस’ दाबतो. दोघींचा दर वेगळा, त्यामुळे बटण चुकलं की दारात भांडण. गेली चार वर्षं ही सगळी बटणं मी इंकस्केप या चित्रं काढायच्या प्रोग्रॅममध्ये काढतोय. पाचपैकी चार गुण देईन. एक का कापला, ते खाली येईलच.

इंकस्केप फुकट आहे, मुक्त स्रोत आहे आणि एसव्हीजी, म्हणजे रेषा आणि आकार मजकुरात लिहून ठेवणारा चित्रांचा फॉरमॅट, हीच त्याची मूळ भाषा. 2003 साली ते सोडिपोडी नावाच्या प्रोग्रॅममधून फुटून निघालं. नेहमीसारखी सेव्ह केलेली फाइल नोटपॅडमध्ये उघडा, आत आजही ‘सोडिपोडी’ दिसेल. वाटणी होऊन वीस वर्षं झाली तरी सातबाऱ्यावर थोरल्या भावाचं नाव राहावं तसं. सॉफ्टवेअरमध्ये घालायची फाइल ‘प्लेन एसव्हीजी’ म्हणून सेव्ह केली की हे सगळं गळून पडतं.

बटणाचा साचा काढायला पाच मिनिटं पुरतात. आर दाबा, चौकोन ओढा, कोपऱ्यातला गोल ठिपका खाली खेचा, कोपरे गोल. नंतर बटण रुंद केलं तर कोपऱ्यांची गोलाईही ताणायची की तशीच ठेवायची, याचं छोटं बटण वरच्या पट्टीत आहे. ते मला दीड वर्षाने सापडलं. तोवर माझं ‘पावती’चं बटण साबणाच्या वडीसारखं दिसायचं.

पहिल्या दिवसापासून छळणारी गोष्ट म्हणजे धूसर कडा. ग्रिडला चिकटवून चौकोन काढला आणि एक पिक्सेलची बॉर्डर दिली, तर ती रेष ग्रिडच्या दोन्ही अंगांना अर्धी-अर्धी पडते. स्क्रीनला अर्धा पिक्सेल दाखवता येत नाही, म्हणून दोन फिकट रेषा दिसतात. बॉर्डर दोन पिक्सेलची करा, नाहीतर वरच्या एक्स आणि वायच्या चौकटींत हाताने पूर्णांक टाका. तिथले आकडे मुळात बॉर्डरसकट बाहेरच्या कडेचे असतात, त्यामुळे कड नेमकी पिक्सेलवर बसते.

आता कापलेला गुण. यात निम्मी चूक माझीच. पहिल्या फेरीत मी बटणांना झकास मऊ सावली दिली, वर काचेसारखी चमक. इंकस्केपमध्ये नवरीसारखी नटलेली बटणं आमच्या सॉफ्टवेअरमध्ये गेली आणि सावलीच गायब! सॉफ्टवेअर क्यूटी 5 वर, म्हणजे पडदे आणि बटणं बनवायच्या तयार साधनसंचावर उभं आहे आणि त्याचा एसव्हीजीचा भाग ‘एसव्हीजी टायनी 1.2’ ही छोटी आवृत्ती एवढंच समजतो. धूसर करणारे फिल्टर आणि क्लिप (एका आकाराने दुसरा कापून दाखवणं) त्यात बसतच नाहीत. पण ‘हे पुढे टिकणार नाही बरं का’ असं इंकस्केप काढताना सुचवत नाही. चित्र काढणाऱ्याला त्याचं काही नाही, बटण काढणाऱ्याला मात्र जाच आहे.

मग फिल्टर सोडले. बटणाखाली त्याच आकाराचा गडद चौकोन, तीन पिक्सेल खाली सरकवलेला, हीच सावली. दाबलेल्या बटणाच्या चित्रात वरचा चौकोन दोन पिक्सेल खाली आणि ग्रेडियंट (गडद-फिकट रंगछटा) उलटा. आधीच्या सपाट बटणांवर एका केंद्रातल्या काकी म्हणाल्या होत्या, “दादा, दाबलं का नाय ते कळतच नाय.” त्या दोनदा दाबायच्या आणि नोंद दोनदा पडायची. आता बटण खाली बसलेलं दिसतं.

अक्षरांची गंमत वेगळीच. ‘गाय’ आणि ‘म्हैस’ टाइप करून तसंच सोडलं, तर केंद्रातल्या मशीनवर तो फॉन्ट नसतो आणि ‘म्हैस’ बटणाबाहेर डोकावते. म्हणून कंट्रोल-शिफ्ट-सी दाबून अक्षरांचे आकार केले. मग अलाइनने दोन्ही शब्द आपापल्या बटणाच्या मधोमध आणले, तर शिरोरेषा वरखाली! कारण अलाइन फक्त आकाराची वरची आणि खालची कड बघतं. ‘म्हैस’वर दोन मात्रा, म्हणून शब्द खाली ढकलला जातो. ‘गाय’वर काहीच नाही, तो वर राहतो. शेजारशेजारच्या बटणांवर हे फार खुपतं. उपाय साधा: एक आडवी गाइड, म्हणजे मदतीची रेघ, टाका आणि सगळ्या शिरोरेषा तिला टेकवा. मराठी बटणं करणाऱ्याने एवढं केलं तरी निम्मं काम सुबक होतं.

रंग निवडताना डिस्प्ले मोड ग्रेस्केल करून बघा. माझा हिरवा आणि नारिंगी अगदी एकसारखा राखाडी निघाला, म्हणजे उन्हात धुरकटलेल्या स्क्रीनवर दोन्ही सारखेच. वेब सुगमतेचे नियम बटणावरच्या नेहमीच्या आकाराच्या मजकुराला 4.5 ला 1 असा कॉन्ट्रास्ट मागतात. तो आकडा इंकस्केप समोर ठेवत नाही, दुसरीकडे मोजावा लागतो. त्याच नियमांच्या वरच्या पातळीला बटण किमान 44 पिक्सेल हवं. ओल्या बोटासाठी मी 96 ठेवतो.

आवृत्ती 1.2 पासून बॅच एक्सपोर्टचा स्वतंत्र टॅब आहे. बेचाळीस बटणं एका दमात बाहेर पडतात. फिल्टर भरपूर असले की मात्र जुन्या लॅपटॉपवर ते धापा टाकतं.

सगळ्यात जास्त वेळ म्हशीने खाल्ला. 40 पिक्सेलमध्ये गाय आणि म्हैस दोन्ही तोंडं सारखीच दिसतात. तीन दिवस पेन टूलने नाक, कान, डोळे काढले आणि शेवटी सगळं पुसलं. शिंगं तेवढी ठेवली. गाईची आखूड, वर वळलेली, म्हशीची मागे गेलेली विळ्यासारखी. प्रत्येक शिंगाला जेमतेम चार नोड (रेषेचे बिंदू). केंद्रात कोणी काही विचारलं नाही, बोटं बरोबर पडू लागली.

आता एक केंद्र शेळीचंही दूध घेणार म्हणतंय. दाढी काढून बघतोय, 40 पिक्सेलमध्ये मावत नाही.