पहिला ट्यूब कॉम्बो: ब्लूज ज्युनियर, एसी१५ की ओरिजिन २०?

इलेक्ट्रिक गिटारचा आवाज ‘फाटतो’ म्हणजे काय, हे ऐकल्याशिवाय नीट कळत नाही. हलक्या हाताने तार छेडली तर स्वर स्वच्छ येतो. तीच तार जोरात मारली की त्याला खरखरीत धार चढते. या दोन टोकांच्या मध्ये बोटांच्या दाबागणिक कितीतरी छटा असतात, आणि ट्यूब अ‍ॅम्पवर पैसे घालायचे ते या मधल्या छटांसाठी. म्हणून ‘किती वॅटचा घेऊ?’ या प्रश्नाने सुरुवात करू नका. आधी हे पाहा, की या अ‍ॅम्पचा आवाज कुठे फाटायला लागतो आणि तुमच्या खोलीला तेवढा मोठा आवाज झेपतो का.

ट्यूब म्हणजे जुन्या रेडिओतला व्हॉल्व्हच. कॉम्बो म्हणजे अ‍ॅम्प आणि स्पीकर एकाच पेटीत. नवा कॉम्बो घ्यायला निघालेल्यांच्या यादीत तीन नावं हमखास असतात: फेंडर ब्लूज ज्युनियर ४, व्हॉक्स एसी१५ सी१ आणि मार्शल ओरिजिन २०सी. कागदावर तिघंही सारखेच, १५ ते २० वॅटचे. हाताखाली मात्र ते एकमेकांपासून फार लांब आहेत.

आधी वॅटचा हिशेब मिटवू. ताकद दुप्पट केली की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला तो दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट वॅट लागतात. त्यामुळे १५ आणि २० वॅटमधला फरक जवळपास ऐकूच येत नाही. दुसरी गोष्ट स्पीकरची. गिटारचे १२ इंची स्पीकर १ वॅटवर, १ मीटर अंतरावर, साधारण ९७ ते १०० डेसिबल देतात. अर्ध्या वॅटवरही ९५ च्या आसपास. आपल्याकडे २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. भिंती काही आवाज अडवतात हे खरं, पण पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये १५ वॅटचा ट्यूब अ‍ॅम्प पूर्ण उघडणं हा विचारच सोडून द्या. ‘घरासाठी म्हणून लहान, १५ वॅटचा घेतला’ असं कुणी म्हणालं की मला काळजी वाटते. एवढ्या वॅटचा कॉम्बो ढोलकी-ड्रम्ससोबत छोट्या हॉलमध्येही ऐकू येतो.

यावर उतार म्हणून मास्टर व्हॉल्यूम असतो, आणि तो नेमकं काय करतो हे समजून घेतलं तर निवड निम्मी सोपी होते. आवाज दोन ठिकाणी फाटू शकतो. एक, सुरुवातीच्या छोट्या ट्यूबांत, म्हणजे १२एएक्स७ मध्ये. दोन, स्पीकरला ताकद पुरवणाऱ्या शेवटच्या मोठ्या ट्यूबांत. व्हॉल्यूम वर आणि मास्टर खाली ठेवला की छोट्या ट्यूब फाटतात आणि घर शांत राहतं. पण या आवाजात बारीक मधमाशीसारखी गुणगुण जास्त आणि भरदारपणा कमी असतो. मोठ्या ट्यूब फाटतात तेव्हा स्वर जाड होतो, बोटांना किंचित दबून प्रतिसाद देतो. ती मजा मोठ्या आवाजाशिवाय सहसा मिळत नाही.

आता ब्लूज ज्युनियर. हा अ‍ॅम्प १९९० च्या दशकातला, चौथी आवृत्ती २०१८ ची. शेवटच्या टप्प्यात दोन ईएल८४, पुढे तीन १२एएक्स७, १२ इंची सेलेस्टियन ए-टाइप स्पीकर, खऱ्या स्प्रिंगचा रिव्हर्ब (मोठ्या दालनात घुमल्यासारखा आवाज), वजन साधारण १४ किलो. एका हातात धरून जिना चढता येतो, आणि ज्याला तालमीला रिक्षाने जायचं आहे त्याला ही गोष्ट फार मोलाची आहे. स्वच्छ आवाज गोड, थोडा मधाळ. समोर ओव्हरड्राइव्हचा पेडल, म्हणजे आवाज फाडणारी पायाने दाबायची डबी, लावला तर तो निमूटपणे स्वीकारतो, स्वतःचं फार काही मिसळत नाही. पेडलांचा पसारा बाळगणाऱ्याने याचा गांभीर्याने विचार करावा.

एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. फेंडर म्हटलं की लोकांच्या कानात साठच्या दशकातला काचेसारखा लखलखीत स्वच्छ आवाज असतो. तो प्रामुख्याने ६व्ही६ आणि ६एल६ या ट्यूबांच्या अ‍ॅम्पांचा. ब्लूज ज्युनियरमध्ये ईएल८४ आहेत, म्हणजे व्हॉक्सच्याच घराण्यातल्या. त्यामुळे त्याचा मध्य सप्तक जास्त पुढे येतो आणि आवाज वाढवला की तो अपेक्षेपेक्षा लवकर फाटतो. शिवाय पेटी लहान असल्याने खर्जातले स्वर डब्यातून आल्यासारखे वाटतात. ‘फॅट’ बटण दाबलं की गेन (सिग्नलची वाढ) आणि मध्य दोन्ही फुगतात, एकट्याने वाजवताना छान वाटतं, बँडमध्ये मला ते नकोसं होतं.

व्हॉक्सबद्दल मी जरा लांबण लावणार आहे. इंग्लंडमध्ये केंट परगण्यातल्या डार्टफर्ड गावी टॉम जेनिंग्जची कंपनी होती. तिथे डिक डेनीने हा अ‍ॅम्प आखला आणि १९५८ साली एसी१५ बाजारात आला. द शॅडोज या वाद्यवृंदाने तो वापरला. त्यांच्या कार्यक्रमांतल्या किंचाळणाऱ्या गर्दीवर मात करायला जास्त ताकद हवी झाली, त्यातून चार ईएल८४ असलेला एसी३० जन्मला. म्हणजे प्रसिद्धी नंतर आलेल्या एसी३० ला मिळाली, पण मूळ कल्पना १५ वॅटचीच. लोकांना त्यातली झळाळी कमी वाटली म्हणून तार सप्तक उजळवणारं वेगळं सर्किट जोडलं गेलं, तोच ‘टॉप बूस्ट’. आजच्या एसी१५ सी१ मध्ये नॉर्मल आणि टॉप बूस्ट अशी दोन चॅनल आहेत.

या अ‍ॅम्पचं वेगळेपण त्याच्या रचनेत आहे. बहुतेक अ‍ॅम्पांत शेवटच्या टप्प्यातला थोडा सिग्नल उलटा करून मागे फिरवतात. त्याने आवाज ताब्यात राहतो, पण एका मर्यादेनंतर तो अचानक फाटतो. व्हॉक्सच्या या रचनेला तो लगाम नाही. त्यामुळे स्वच्छपासून फाटलेल्यापर्यंतचा प्रवास हळूहळू होतो, आणि त्या प्रवासात कुठे थांबायचं ते तुमची बोटं आणि गिटारवरचा व्हॉल्यूम ठरवतात. टॉप बूस्टवर आवाज फाटण्याच्या उंबरठ्यावर ठेवायचा, गिटारचा व्हॉल्यूम सातवर आणायचा आणि एखादा साधा मोकळा जी कॉर्ड छेडायचा. सहाही तारा वेगवेगळ्या ऐकू येतात, घंटांसारख्या. शेवटच्या कडव्याला गिटार दहावर नेली की तोच कॉर्ड गुरगुरतो. पायाने काही दाबावं लागत नाही. पेडलशिवाय, एका गिटारने आणि एका वायरीने वाजवणाऱ्यासाठी या किमतीच्या आसपास मला यापेक्षा चांगलं काही सापडलेलं नाही.

त्रुटीही आहेत, आणि त्या लहान नाहीत. वजन २२ किलो. लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहत असाल तर आधी त्याचा विचार करा. दोन चॅनलना दोन वेगळे इनपुट आहेत, वाजवता वाजवता पायाने एकातून दुसऱ्यात जाता येत नाही. फुटस्विच चालतो तो रिव्हर्ब आणि ट्रेमोलो (आवाजाची लयीत थरथर) यांच्यापुरता. सिंगल कॉइल पिकअपची, म्हणजे मुळातच पातळ-लखलखीत आवाजाची गिटार आणि कमी आवाज अशी जोडी जमली तर तार सप्तक कानाला टोचतो. त्यावर ‘टोन कट’ हा इलाज आहे, पण तो उलटा चालतो: जितका फिरवाल तितका तार सप्तक कमी. दुकानात हे माहीत नसल्याने टोन कट शून्यावर ठेवून, ‘कर्कश आहे’ म्हणून लोक एसी१५ नाकारतात. आत सेलेस्टियनचा २५ वॅटचा ग्रीनबॅक स्पीकर आहे. नवा असताना तो थोडा ताठ वाजतो, काही आठवडे रोज वाजवल्यावर मोकळा होतो.

ओरिजिन २०सी या तिघांत सहसा सर्वांत स्वस्त. जिम मार्शल हा ड्रमवादक, लंडनच्या हॅनवेल भागात त्याचं वाद्यांचं दुकान होतं. १९६२ मध्ये तिथे फेंडर बासमनच्या सर्किटवरून पहिला मार्शल तयार झाला. ओरिजिन ही त्या जुन्या वळणाची, २०१८ ची मालिका. दोन ईएल३४, १० इंची स्पीकर, आणि ताकद २०, ३ किंवा अर्ध्या वॅटवर आणण्याची सोय. २० वरून अर्ध्यावर आलात तर १६ डेसिबल उतरतात. आवाज चाळीसपट कमी होत नाही, साधारण तिसऱ्या हिश्श्यावर येतो. तरीही फ्लॅटवाल्याला तिघांत सर्वांत जास्त उपयोग याच सोयीचा. ‘टिल्ट’ नावाचं बटण जुन्या मार्शलमधल्या मंद आणि प्रखर अशा दोन आवाजांचं प्रमाण बदलतं, आणि ते मनापासून आवडावं इतकं चांगलं काम करतं.

दोन गोष्टी घेण्याआधी माहीत असू द्या. यात रिव्हर्ब नाही. आणि नाव मार्शल असलं तरी हेवी मेटलचा आवाज यातून आपोआप निघत नाही. हा जुन्या पद्धतीचा, कमी गेनचा अ‍ॅम्प आहे. तो आवाज हवा असेल तर त्याच कंपनीचा डीएसएल२०सीआर पाहा. त्यात दोन चॅनल, १२ इंची स्पीकर, डिजिटल रिव्हर्ब आणि २० किंवा १० वॅटची निवड आहे. ओरिजिनमध्ये इफेक्ट्स लूप, म्हणजे छोट्या आणि मोठ्या ट्यूबांच्या मध्ये पेडल जोडण्याची सोय, मात्र आहे, जो ब्लूज ज्युनियर आणि एसी१५ या दोघांतही नाही. अ‍ॅम्पच्या फाटलेल्या आवाजावर स्वच्छ डिले (प्रतिध्वनीचा इफेक्ट) हवा असेल तर लूप लागतोच. अ‍ॅम्पच्या आधी डिले लावला तर प्रतिध्वनीही सोबत फाटून त्याचा चिखल होतो. मी डिले फारसा वापरत नाही म्हणून मला उणीव जाणवत नाही. तुम्हाला जाणवेल का, हे तुमची गाणी सांगतील.

फेंडरचा ’६५ डिलक्स रिव्हर्ब तुलनेत घेतला नाही, कारण त्याची किंमत वेगळ्याच पायरीवर आहे. २२ वॅट, दोन ६व्ही६, मास्टर व्हॉल्यूम नाही. वर म्हटलेला लखलखीत स्वच्छ आवाज हाच. तोच मनात असेल तर ब्लूज ज्युनियर घेऊन मन मारू नका, थोडं थांबून पैसे साठवा.

आता विजेबद्दल, आणि हे कृपया वगळू नका. आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. अमेरिकेतल्या भावाने किंवा मावशीने सामानातून आणलेला अ‍ॅम्प १२० व्होल्ट, ६० हर्ट्झचा असतो. असा एक वापरलेला अ‍ॅम्प मी घाईत थेट भिंतीत लावला आणि फ्यूज उडाला. फ्यूजवर निभावलं हे नशीब. स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मरने व्होल्टेज उतरतं, पण हर्ट्झ बदलत नाहीत, आणि ६० साठी बनवलेला ट्रान्सफॉर्मर ५० वर जास्त तापतो. इथेच २३० व्होल्टचा नवा घ्या, मागची पाटी स्वतः वाचून.

अर्थिंग त्याहून महत्त्वाचं. गिटारच्या तारा अ‍ॅम्पच्या अर्थशी जोडलेल्या असतात, म्हणजे तुमची बोटंही. गुणगुण जावी म्हणून तिसरी पिन काढून टाकणारे लोक मी पाहिले आहेत. असं कधीही करू नका. जुन्या वाड्यांत, चाळींत सॉकेट तीन भोकांचं असलं तरी मागे अर्थची तार असेलच असं नाही. इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. स्पीकरची वायर काढून अ‍ॅम्प चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. मागचं झाकणही उघडू नका: आत कित्येकशे व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये ते टिकून राहतात.

ट्यूब झिजतात, बदलाव्या लागतात. छोट्या ट्यूब वर्षानुवर्षं चालतात, मोठ्या लवकर थकतात. ईएल८४ ची जोडी सहसा ईएल३४ पेक्षा स्वस्त पडते. बायस म्हणजे मोठ्या ट्यूबमधून किती प्रवाह वाहू द्यायचा त्याची जुळणी. एसी१५ मध्ये ती आपोआप सांभाळली जाते (कॅथोड बायस), त्यामुळे जुळवलेली जोडी बसवली की झालं. ओरिजिनमध्ये ईएल३४ बदलल्यावर जाणकाराकडून बायस तपासून घ्यावा. एकेकाळी बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्येही व्हॉल्व्ह बनत, जुन्या साठ्यातले अजून शौकिनांच्या हातात फिरतात. आज नव्या ट्यूब मुख्यतः स्लोव्हाकिया, रशिया आणि चीनमधून येतात. २०२२ मध्ये रशियातला पुरवठा अडकला तेव्हा सगळीकडे टंचाई झाली होती. घरात एक जास्तीची जोडी असू द्या. कोकण-गोव्याच्या दमट हवेत ट्यूबांना काही होत नाही, त्या हवाबंदच असतात. गंज धरतो तो त्यांच्या सॉकेटना आणि बटणांना, म्हणून पावसाळ्यात आठवड्यातून दोनदा तरी अ‍ॅम्प अर्धा तास चालू ठेवा.

माझी निवड विचाराल तर एसी१५, आणि त्याबद्दल मनात शंका नाही. पण मी तळमजल्यावर राहतो आणि पेडल फार लावत नाही. सतत ये-जा करणाऱ्या, पेडलांवर आवाज घडवणाऱ्या मुलाला मी ब्लूज ज्युनियरच सांगेन. अधूनमधून रात्री दहानंतरही, शेजारी झोपलेले असताना, आवाज खाली ठेवून सराव करणाऱ्याला ओरिजिन. आणि ज्याला फक्त रात्रीचाच सराव करायचा आहे, त्याने सध्या ट्यूबचा नाद सोडून हेडफोन लावता येणारा साधा ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प घ्यावा, निम्म्याहून कमी पैशांत काम होईल.

दुकानात जाताना स्वतःची गिटार आणि स्वतःची वायर न्या, भिंतीवरची महाग गिटार घेऊ नका. अ‍ॅम्प चालू करून पाच मिनिटं तापू द्या. सगळी बटणं मध्यावर, रिव्हर्ब शून्यावर. आधी घरी वाजवता तेवढ्याच आवाजात वाजवा, विक्रेता लाजून ‘थोडा वाढवा की’ म्हणाला तरी. मग विचारून दोन मिनिटं मोठा करा आणि फक्त गिटारचा व्हॉल्यूम खाली-वर करत राहा. जो अ‍ॅम्प या दोन्ही वेळी तुम्हाला अजून थोडं वाजवायला लावेल, त्याची पावती करा.