‘संशयकल्लोळ’: जुनी प्रत की नवी?

गोविंद बल्लाळ देवलांचं ‘संगीत संशयकल्लोळ’ हे नाटक नुसतं वाचायचं असेल तर नवी प्रत घ्या. ठसठशीत टाइप, पानं शाबूत, विषय संपला.

जुन्या प्रतीची गंमत वेगळी. ती एखाद्या हौशी मंडळाकडून रद्दीत आलेली असेल, तर नाटकातल्या संशयी फाल्गुनरावाच्या भाषणांवर पेन्सिलीची काट दिसते, समासात ‘डावीकडून प्रवेश’ असलं काही खरडलेलं असतं. १९१६ साली रंगभूमीवर आलेलं नाटक पुढच्यांनी कुठे कुठे छाटलं, हे नव्या प्रतीत कसं कळणार? फक्त पैसे देण्याआधी शेवटचा अंक उघडून बघा. तसबिरीवरून झालेला घोटाळा निस्तरणारी पानंच गळाली असतील, तर फाल्गुनरावासारखे संशयातच राहाल! आणि ‘कुटिल हेतु तुझा फसला’ या पदाशेजारी कुणी हाताने नोटेशन लिहिलं असेल, तर मी नव्याच्या दुप्पट किंमतही मोजेन.