६८,३५० रुपये आणि बिलात नसलेली एक क्लिप

आधी गॅरेजवाल्याच्या बिलाचा हिशेब. स्कॅनिंग १,२००. 'नवीन' इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारणारे भाग) चार, प्रत्येकी ११,५०० प्रमाणे ४६,०००. हाय प्रेशर पंप ओव्हरहॉल १४,८००. फिल्टर आणि वॉशर १,८५०. मजुरी ४,५००. एकूण ६८,३५०. आणि गाडीचं खरं दुखणं काय, तर डिझेल फिल्टरकडे येणाऱ्या रबरी पाइपला गेलेली चीर. ते नंतर माणगावजवळच्या एका मिस्त्रीने ६६० रुपयांत काढलं. पाइप आणि क्लिपा २२०, फिल्टरच्या डोक्याची रबरी ओ-रिंग ४०, मजुरी ४००.

गाडी २०११ ची डिझेल हॅचबॅक, एमएच-०२ पासिंग. 'एवढी जुनी गाडी ठेवता कशाला' असं विचारणारे भेटतातच, म्हणून आधीच सांगतो. दिल्लीत डिझेलला १० वर्षांची मर्यादा घातली गेली, आपल्याकडे १५ वर्षांनी पुन्हा पासिंग करून, पर्यावरण कर भरून गाडी चालवता येते. इंजिन ठणठणीत, ऑइल खात नाही, नवी गाडी घ्यायची तर हप्ता कोण भरणार? आणि मला गाडीतलं काहीच कळत नाही असंही नाही. ऑइल, बेल्ट, ब्रेक पॅड मी उभा राहून बदलून घेतो. माझ्यासारख्याला टोपी घातली, तर ज्याने बॉनेट फक्त पाणी भरायला उघडलंय त्याचं काय करत असतील याचा विचार करा.

लक्षणं अशी होती. सकाळी पहिला स्टार्ट लांबायचा. सेल्फ मारत राहायचं, मग खोकत खोकत इंजिन लागायचं. एकदा गरम झालं की दिवसभर तक्रार नाही. पुढे पुढे पुलाच्या चढावर दम तोडायला लागली आणि एकदा सायन सर्कलला सिग्नलवर बंदच पडली. मागचे हॉर्न आणि कडेच्या भाजीवाल्याचे सल्ले, दोन्ही ऐकत उभा होतो. हे सगळं पावसाळ्याआधी रस्त्यावरच्या एका सर्व्हिसवाल्याकडून डिझेल फिल्टर बदलून घेतल्यानंतर सुरू झालं. हे वाक्य लक्षात ठेवा, सगळं प्रकरण त्यावर उभं आहे.

गणपती तोंडावर आलेले. कोकण रेल्वेची तिकिटं केव्हाच संपलेली, घरी आई, कुडाळला जायचं म्हणजे गाडी हवीच. एलबीएस मार्गाच्या आतल्या गल्लीतलं एक गॅरेज ऑफिसमधल्या एकाने सुचवलं. नाव इथे लिहीत नाही, प्रकरण ग्राहक आयोगापुढे आहे. गॅरेज टपरीवजा नव्हतं. स्कॅनर होता, भिंतीवर इंजिनाचे तक्ते होते, मालक हात पुसून बोलायचा. गाव विचारलं, मी सांगितलं, लगेच मालवणीत आला. 'काका, तुमका म्हणान सांगतंय.' आपला माणूस म्हटलं की आपण किती सैल होतो ते अशा लोकांना बरोबर ठाऊक असतं.

त्याने स्कॅनर लावला. पी००८७ हा बिघाडाचा कोड आला, म्हणजे रेलमधला (सगळ्या इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या नळीतला) डिझेलचा दाब कमी. हा कोड म्हणजे नुसता ताप आहे, मलेरिया की टायफॉइड ते तो सांगत नाही. कॉमन रेल गाडीत टाकीतून डिझेल निघतं, फिल्टरमधून हाय प्रेशर पंपाकडे जातं, पंप ते रेलमध्ये दाबतो आणि तिथून इंजेक्टरला मिळतं. चालत्या इंजिनात हा दाब हजार बारच्याही (बार हे दाबाचं माप) वर जातो. स्टार्ट करताना ठरावीक दाब तयार झाल्याशिवाय गाडीतला कॉम्प्युटर इंजेक्टर उघडतच नाही, म्हणून सेल्फ फिरत राहतो आणि इंजिन लागत नाही. दाब कमी पडायला पंप किंवा इंजेक्टर कारण असू शकतात, पण तुंबलेला फिल्टर, टाकीतली घाण, दाब सांभाळणारा व्हॉल्व्ह किंवा पाइपमधून आत शिरणारी हवा हीही कारणं असतात. यातली स्वस्त कारणं सगळी पंपाच्या अलीकडे. त्यामुळे प्रामाणिक माणूस टाकीकडून सुरुवात करतो. जो थेट इंजेक्टरपासून सुरुवात करतो त्याच्याकडून चावी परत घ्या आणि निघा.

हा मात्र टाकीकडूनच आला. म्हणूनच तर जास्त चीड येते! त्याने विचारलं, 'काका, फिल्टर शेवटचा कधी बदललात?' मी म्हटलं, पावसाच्या आधी, आणि दुखणं त्यानंतरच सुरू झालं. तो फिल्टरपाशी वाकला, पाइपवरून बोट फिरवलं, टॉर्च मारला, क्षणभर तसाच थांबला. मग सरळ उभा राहून म्हणाला, 'इंजेक्टर बघायला लागतील.' त्याला त्याच घडीला सगळं कळलं होतं. पुढचं सगळं नाटक.

नाटकातला मुख्य प्रवेश म्हणजे रिटर्न टेस्ट. माहीत नसेल त्यांच्यासाठी: इंजेक्टर थोडं डिझेल टाकीकडे परत सोडतो. चारही रिटर्न नळ्या चार बाटल्यांत सोडून इंजिन चालवायचं. चारही बाटल्या साधारण सारख्या भरल्या तर इंजेक्टर बरे, एखादी भराभर भरली तर तो इंजेक्टर आतून गळतोय. टेस्ट अगदी खरी आहे, चांगले डिझेलवालेही हीच करतात. याच्या पोऱ्याने बाटल्या आणून लटकवल्या, सेल्फ मारला, आणि तिसरी बाटली इतरांच्या दुप्पट. 'बघा काका, डोळ्यांनी बघा.'

मी बघितलं होतं. सेल्फ मारायच्या आधीच त्या तिसऱ्या बाटलीच्या तळाशी डिझेल होतं. दोन बोटं, चांगलं पिवळसर, बाटली टांगताना हिंदकळलेलं. बाकीच्या तीन कोरड्या. मी पाहिलं, मनात आलंही, आधीच्या गाडीचं राहिलं असेल म्हणून गप्प बसलो. आजही रात्री झोप लागली नाही की तीच बाटली हिंदकळते. पण सांगा, भर गॅरेजात, समोर आपल्या गावची बोली बोलणारा माणूस, पाठीशी पोऱ्या, दारात पावसात उभी गिऱ्हाइकं, अशा वेळी 'बाटली रिकामी करून पुन्हा कर' असं किती जण म्हणतील? मी भिडस्त आहे, मूर्ख नाही. तुम्ही मात्र म्हणा. बाटल्या तुमच्या समोर रिकाम्या करून, पुसून, मगच लावू द्या. दुसऱ्यांदा टेस्ट करताना तिसऱ्या आणि पहिल्या बाटलीची अदलाबदल करायला सांगा. कुरकुर झाली तर समजून जा.

एक खराब तर चारही का बदलायचे, असं मी विचारलं होतं. 'परशुराम घाटात दुसरा गेला तर आईला घेऊन कुठे उभे राहणार?' हे उत्तर. मग पंपही उघडावा लागेल, कारण त्यात 'चुरा' आहे. पंप खरोखर झिजला की धातूचा चुरा रेलपर्यंत जातो आणि मग सगळीच लाइन साफ करावी लागते, हेही खरं आहे. खोटं बोलणारे खऱ्या गोष्टींच्याच आधारावर खोटं बोलतात. चुरा दाखव म्हटलं तर बोटावर काळपट काहीतरी दाखवलं. ते ग्रीसही असेल.

३०,००० यूपीआयने आगाऊ, ३८,३५० रोख. रोख का, तर 'पक्कं बिल केलं तर जीएसटी लागेल काका, तुमचेच पैसे वाचवतोय'. हातात आला एक छापील कागद, ना जीएसटी नंबर, ना शिक्का. जुने इंजेक्टर मागितले तर 'ते एक्स्चेंजमध्ये गेले'. जुना सुटा भाग परत मागणं हा आपला हक्क आहे आणि तो पैसे देण्याआधी बजावायचा असतो, नंतर नाही.

गाडी आणली, सकाळी फटक्यात लागली. चतुर्थीला गावी पोचलो, वाटेत काही नाही. परतीला माणगावच्या पुढे मुसळधार पावसात पुन्हा तेच, खोकत बंद. हायवेलगत ट्रॅक्टर आणि टेम्पोची कामं करणारा एक मिस्त्री होता. त्याच्याकडे ना स्कॅनर ना तक्ते. त्याने फिल्टर आणि पंपाच्या मध्ये हातभर पारदर्शक नळी जोडली आणि मला सेल्फ मारायला सांगितलं. नळीतून डिझेल येत होतं आणि त्यात बुडबुड्यांची माळ. 'हवा घेतेय.' माझ्या गाडीत टाकीत वेगळा पंप नाही, इंजिनावरचा हाय प्रेशर पंपच डिझेल ओढून घेतो. त्यामुळे पाइपला चीर गेली की डिझेल बाहेर ठिबकत नाही, हवा आत ओढली जाते. जमिनीवर एक थेंब दिसत नाही आणि आपण म्हणतो गळती नाही. रात्रभरात त्याच चिरेतून हवा शिरून डिझेल मागे टाकीकडे उतरतं, म्हणून सकाळचा स्टार्ट लांबतो.

मग त्याने फिल्टरच्या तोंडाशी बोट ठेवलं. 'पाइप जुना, भेगाळलेला. मग ही क्लिप नवी कोरी कशी?'

ती चकचकीत क्लिप मी घरी प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली आहे. एलबीएस मार्गावरच्या त्या हरामखोराने चीर शोधली, तिच्यावर क्लिप आवळली आणि तेवढ्यावर गाडी सुरू झाली. बिलात फिल्टर आहे, वॉशर आहेत, पंप आहे. क्लिप नाही. क्लिप लिहिली असती तर बाकीचं कशाला केलं हा प्रश्न आला असता.

मुंबईला आल्यावर मी इंजिनावरचं प्लास्टिकचं कव्हर काढलं. इंजेक्टरच्या डोक्यावर प्रत्येकाचा वेगळा कोड कोरलेला असतो. कोणता इंजेक्टर किती डिझेल सोडतो याची ती ओळख, आणि इंजेक्टर बदलला की नवा कोड स्कॅनरने कॉम्प्युटरमध्ये भरावा लागतो. दुखणं सुरू झालं तेव्हा मी चुलतभावाला व्हॉट्सॲपवर इंजिनाचा फोटो पाठवला होता. तो मोठा करून पाहिला. चारही कोड फोटोतलेच. म्हणजे माझेच इंजेक्टर, पुसून, मलाच ४६,००० ला विकले. पंपाच्या बोल्टवरची जुनी मळी तशीच्या तशी, पाना लागल्याची खूण नाही. तुमची गाडी गॅरेजात सोडण्याआधी हे फोटो काढा. अर्धं मिनिट लागतं.

गॅरेजवाल्याकडे गेलो. आता मालवणी नाही, हिंदी. 'कोड तो सबका सेम आता है.' नाही येत. 

पोलीस ठाण्यात गेलो. पहिला प्रश्न, 'गाडी चालते ना? मग फसवणूक कसली?' मी फोटो दाखवले. 'मेकॅनिकची चूक झाली असेल, सिव्हिल मॅटर आहे.' अहो, चूक असती तर चारच्या चार जुने इंजेक्टर नवीन म्हणून बिलात कसे आले? न केलेल्या कामाचे १४,८०० कसे आले? साहेब जेवायला गेलेत, साहेब बंदोबस्ताला, गणपतीची ड्युटी आहे, नंतर या. नंतर गेलो तर 'गॅरेज आमच्या हद्दीत नाही, तिकडच्या ठाण्यात जा'. तिकडचे म्हणाले, 'तुम्ही राहता तिकडे द्या.' १ जुलै २०२४ पासून नवे कायदे आले. फसवणूक आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये आहे आणि दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्द न बघता नोंदवून घ्यायची तरतूद थेट कायद्यातच आहे. हे मी हवालदारसाहेबांना सांगितलं तर म्हणाले, 'तुम्ही वकील आहात का?' शेवटी अर्ज आवक-जावकला दिला आणि शिक्का घेतला. शिक्का घेतल्याशिवाय कुठल्याही सरकारी टेबलावरून उठू नका, नाहीतर तुम्ही तिथे आलाच नव्हता. आरटीओत विचारलं तर खासगी गॅरेजशी त्यांचा संबंध नाही. तक्रारीच्या एका हेल्पलाइनवर तक्रार नंबर मिळाला, तिथल्या बाई गोड बोलल्या, आणि पुढे मेसेज आला की समोरच्याने प्रतिसाद दिला नाही, सबब तक्रार बंद. चोराने उत्तर दिलं नाही म्हणून तक्रार बंद! मग उत्तर कोण देणार होता?

राहिला ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, गॅरेज कुठे आहे त्याला महत्त्व नाही. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची. आणि पक्कं बिल न देणं हीच त्या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे, त्यामुळे 'जीएसटी वाचवतो' म्हणणाऱ्याचा कागद त्याच्याच गळ्यात येतो. माणगावच्या मिस्त्रीने साध्या वहीच्या पानावर काय सापडलं ते लिहून सही करून दिली, तीही जोडली आहे. ज्याच्याकडे स्कॅनर नाही त्याने लिहून दिलं, ज्याच्याकडे तक्ते आहेत तो तोंडी बोलला.

नोटीस गेल्यावर मधल्या माणसाकरवी निरोप आला, १०,००० घ्या आणि मिटवा. मी म्हटलं, उरलेले ५८,३५० कशाचे ते पक्क्या बिलावर लिहून दे, मग बोलू. त्यावर उत्तर आलेलं नाही. पुढची तारीख लागली आहे. त्याच गल्लीत आणखी कोणाचे इंजेक्टर 'बदलले' असतील तर कव्हर काढून कोड बघा, आणि जुना फोटो मिळाला तर मला कळवा.