एसटीचा ‘आवडेल तेथे प्रवास’ पास, दहा महिने वापरल्यावर

गेल्या दहा महिन्यांत मी हा पास चार वेळा काढला. तीनदा चार दिवसांचा, एकदा सात दिवसांचा. पगार बेताचा, खोलीभाडं पुण्यातलं आणि सुट्टी मोजून मिळणारी, अशा माझ्यासारख्यांना हा पास परवडतो का, असं ऑफिसातले बरेच जण विचारतात. हो किंवा नाही एवढंच सांगून भागत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

योजना जुनी आहे, १९८८ पासूनची. एकदा पैसे भरायचे आणि चार किंवा सात दिवस एसटीच्या गाड्यांतून हवं तिथे फिरायचं. २०२५ च्या जुलैत दर कमी झाले आणि चार दिवसांचा साध्या गाडीचा पास १,८१४ वरून १,३६४ रुपयांवर आला, सात दिवसांचा २,३८२ वर. साध्या गाडीच्या पासात जलद आणि रातराणीही येते. शिवशाहीचा पास वेगळा आणि महाग. मी तो घेतला नाही, कारण मला जिथे जायचं असतं त्या फाट्यावर शिवशाही थांबतच नाही.

आधी पैशांचं बोलतो. एसटीचं भाडं सहा किलोमीटरच्या टप्प्यावर ठरतं. २०२५ च्या जानेवारीतल्या भाडेवाढीनंतर साध्या गाडीचा टप्पा १० रुपये ५ पैशांचा झाला. त्या हिशेबाने १,३६४ रुपये म्हणजे साधारण ८१५ किलोमीटर. चार दिवसांत तुम्ही यापेक्षा कमी फिरणार असाल तर सरळ तिकीट काढा. पुण्याहून महाबळेश्वरला जाऊन दोन दिवस राहून परत यायचं असेल, तर पास काढणं म्हणजे पैसे घालवणं आहे.

माझी पहिली फेरी कोकणातली. स्वारगेटहून रत्नागिरी, तिथून विजयदुर्ग, देवगड, मालवण, मग कोल्हापूर आणि परत पुणे. सगळं मिळून नऊशेच्या आसपास किलोमीटर झाले. तिकिटं काढली असती तर दीड हजार लागले असते, म्हणजे वाचले जेमतेम दीडशे. घरी आल्यावर हा आकडा बघून माझा हिरमोड झाला होता. पण त्याच फेरीत एक गोष्ट घडली, आणि तिच्यामुळेच मी पुढचे तीन पास काढले.

विजयदुर्गात मुक्काम केला होता. पहाटे निघणारी वस्तीची गाडी पकडली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, वस्तीची गाडी म्हणजे रात्री गावात येऊन तिथेच मुक्काम करणारी आणि उजाडायच्या आत परत निघणारी गाडी. ड्रायव्हर-कंडक्टर गावातच झोपतात. गाडी निघाली तेव्हा आत आम्ही सहा जण, मासळीच्या दोन टोपल्या आणि कॉलेजला जाणाऱ्या तीन मुली. आतले दिवे मंद, काचा दवाने भरलेल्या. कंडक्टरनी पास हातात घेतला, दिव्याखाली धरून तारखा वाचल्या, माझं ओळखपत्र बघितलं आणि कुठे जायचंय ते विचारलं. मी तळेऱ्याला उतरून पुढची गाडी बघणार होतो. ते म्हणाले, “देवगडाक जातलास ना? मगे तळेऱ्याक कित्याक जातास? पडेल कॅन्टीनाक उतरा, देवगडची गाडी हयच गावतली.” मी उतरलो. समोरच्या टपरीत चहा घेतला, गरम कांदाभजी खाल्ली, आणि पाऊण तासाने देवगडची गाडी आली. मधल्या वेळात टपरीवाल्या काकांनी कुणकेश्वराबद्दल इतकं सांगितलं की देवगडला पोचल्यावर मी मालवणची गाडी सोडली आणि आधी कुणकेश्वरला गेलो. समुद्राला लागून देऊळ, भरतीची वेळ, आणि कामाचा दिवस असल्याने देवळात मोजून दहा माणसं.

हातात तिकीट असतं तर मी उतरलो नसतो. तळेऱ्यापर्यंतचे पैसे भरलेत, वाया कशाला घालवू, असाच विचार केला असता. पास असला की उतरायला पैसे पडत नाहीत. पुढची गाडी चुकली, बेत बदलला, गाव आवडलं नाही, तरी खिशाला धक्का लागत नाही. या पासाचा खरा फायदा हाच आहे, आणि तो टप्प्यांच्या हिशेबात दिसत नाही.

याची पुन्हा खात्री पटली ती सात दिवसांच्या पासावर. छत्रपती संभाजीनगरला रविवारी रात्री पोचलो, सोमवारी अजिंठा बघायचं ठरवलं होतं. सकाळी स्टँडवर चहावाल्याने विचारलं कुठे निघालात, आणि लगेच म्हणाला, अजिंठा सोमवारी बंद असतं. वेरूळ मंगळवारी बंद असतं. दोन्ही वार उलटे, आणि मी नीट न बघताच निघालो होतो. त्याच फलाटावरून वेरूळची गाडी घेतली, तास-सव्वातासात कैलास लेण्यासमोर उभा होतो. एका अखंड खडकात वरून खाली कोरत आणलेलं देऊळ, आणि माणशी प्रवेश चाळीस रुपये. फिरताना एवढ्या कमी पैशांत मला दुसरीकडे कुठे असं काही बघायला मिळालेलं नाही. मंगळवारी अजिंठा केलं. पुढे बुलढाण्यावरून लोणार, तिथून शेगाव. लोणारचं विवर वरून बघून निघून येऊ नका. उल्केच्या आघाताने तयार झालेला पावणेदोन किलोमीटर रुंदीचा खड्डा आहे तो. कडेने उतरून तळ्यापर्यंत गेलं की झाडीत जुनी देवळं लागतात. गावातलं दैत्यसूदनाचं देऊळही सोडू नका.

पण पैशांच्या बाबतीत सात दिवसांचा पास मला तोट्याचा पडला, हे स्पष्ट सांगतो. तो वसूल व्हायला चौदाशेच्या वर किलोमीटर लागतात, माझे अकराशेच झाले. म्हणजे पाचशेच्या वर रुपये जास्त गेले. सात दिवसांत माणूस दमतो, एखाद्या गावी दोन दिवस राहावंसं वाटतं, आणि त्या दिवशी पास खिशात पडून राहतो. नागपूर-चंद्रपूरपर्यंत जायचं असेल तरच सात दिवसांचा घ्या. नाहीतर चार दिवसांचा पुरे.

आता मुलींसाठी, आणि हे नीट वाचा. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे. कोकणच्या फेरीत माझी एक मैत्रीण बरोबर होती. ती पूर्ण फेरी साडेसातशेच्या आसपास करून आली, मी १,३६४ भरले. मुलींनी पास काढायची गरज जवळजवळ कधीच पडत नाही. चार दिवसांत सोळाशे किलोमीटर फिरलात तरच बरोबरी होते, आणि तेवढं फिरणं म्हणजे नुसतं गाडीत बसून राहणं. तिने सांगितलेली आणखी एक गोष्ट आता आम्ही कटाक्षाने पाळतो. अनोळखी गावी दिवस मावळायच्या आत पोचायचं, आणि राहायची जागा स्टँडपासून चालत जाण्याच्या अंतरावर बघायची.

तारखांचं एक गणित पहिल्या वेळी मला कळलं नव्हतं. पासाचा दिवस रात्री बाराला सुरू होतो आणि रात्री बाराला संपतो. शुक्रवारी रात्री नऊच्या रातराणीने निघालात तर अख्खा शुक्रवार तीन तासांत गेला. म्हणून मी आता पहाटेच्या पहिल्या गाडीने सुरुवात करतो आणि शेवटच्या दिवशी बाराच्या आत घरी पोचेन असं बघतो. पास आधी काढून ठेवता येतो, निघायच्या सकाळी खिडकीवर धावपळ नको. जपून ठेवा, हरवला तर दुसरा मिळत नाही. मी ओळखपत्राबरोबर प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवतो, कारण घामाने एकदा तारखेची शाई फुटली होती.

पास म्हणजे जागा नव्हे, हेही लक्षात असू द्या. दिवाळीच्या गर्दीत कोल्हापूर ते कराड उभं राहून आलो, पाठीवर सॅक. तेव्हापासून लांबच्या टप्प्याला आरक्षणाचे वेगळे पैसे भरून जागा घेतो. तालुक्या-तालुक्यातल्या गाड्यांत मात्र कधी गरज पडली नाही. शाळा सुटायची वेळ तेवढी टाळा.

खर्चाचा मोठा भाग प्रवासाचा नसतोच, राहण्याचा असतो. किनाऱ्यावरच्या एका गावात फोनवर सहाशे ठरवलेली खोली, आम्ही दारात पोचल्यावर चौदाशेची झाली. कारण काय, तर जोडून सुट्टी आली होती. रात्रीचे साडेआठ, दुसरी सोय नाही, चौदाशे द्यावे लागले. आता ठरलेला दर मेसेजवर लेखी मागतो आणि जोडसुट्टीला किनाऱ्यावर जातच नाही. याउलट शेगावला संस्थानच्या भक्तनिवासात स्वस्त आणि लख्ख स्वच्छ खोली मिळाली. देवस्थानांच्या गावांत आधी भक्तनिवास विचारा. तुम्ही देवभोळे असा वा नसा, तिथले नियम पाळलेत की झोप शांत लागते. जेवणात थाळीऐवजी मी सकाळी पोटभर मिसळ किंवा घावणे आणि रात्री झुणका-भाकर असं ठेवतो. कोकणातले चार दिवस मला पाससकट ३,९०० रुपयांत पडले, त्यात ते जास्तीचे पैसेही आले.

बाकीच्या दोन पासांपैकी एक सातारा-वाईकडे घालवला. अंतरं छोटी, पास वाया. दुसरा नाशिक, सप्तशृंगी, मग धुळ्यावरून शहादा आणि तोरणमाळ असा वापरला, आणि तो पुरेपूर वसूल झाला. सातपुड्यातला तोरणमाळचा घाट एसटीच्या खिडकीतून बघायचा असतो. ड्रायव्हरच्या मागची सीट मिळाली तर बघा. वर यशवंत तलावाकाठी संध्याकाळी आम्ही दोन तास नुसते बसून होतो. वर हॉटेलं थोडी आहेत, खायचं थोडं बरोबर न्या.

आता चिखलदरा राहिलंय. पुण्याहून अमरावती, तिथून परतवाडा, मग घाट. पुणे-अमरावती जाऊन-येऊनच अकराशेच्या वर किलोमीटर होतात, म्हणजे चार दिवसांचा पास वाटेतच वसूल. पहाटेच्या गाडीचं आरक्षण झालंय. मैत्रीण शेजारच्या सीटवर, अर्ध्या तिकिटात.