मिनिटाला सहा श्वास : आठ महिन्यांच्या वापरानंतर

खर्च शून्य, उपकरण काही नाही, वेळ सकाळी दहा मिनिटं आणि संध्याकाळी दहा मिनिटं. आठ महिने रोज करून पाहिल्यावर संथ श्वासाने ताण हलका करण्याच्या या उपायाला पाचपैकी चार गुण द्यायला हरकत नाही. पाचवा गुण कापला तो शिकवणाऱ्यांसाठी. जो तो सांगतो, ‘खोल श्वास घ्या’. सगळी गडबड या ‘खोल’मुळेच होते.

स्वस्थ बसलेल्या माणसाचा श्वास मिनिटाला साधारण 12 ते 20 वेळा चालतो. तो 6 वर आणायचा, म्हणजे एका श्वासाला 10 सेकंद : 4 सेकंद आत, 6 सेकंद बाहेर, दोन्ही नाकानेच. मध्ये रोखायचा नाही. श्वास घेताना नाडी जरा चढते, सोडताना उतरते. हा चढउतार बहुतेकांमध्ये याच वेगाच्या आसपास सर्वांत मोठा होतो, कारण रक्तदाब सांभाळणाऱ्या प्रतिक्षिप्त क्रियेची लयही सुमारे 10 सेकंदांचीच आहे.

मिनिटाला एकूण हवा मात्र नेहमीइतकीच, जास्त नको. छाती फुगवून भराभर मोठे श्वास घेतले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, मेंदूतल्या रक्तवाहिन्या आकसतात. मग गरगरतं, बोटांना मुंग्या येतात, ओठ बधिर होतात. आधीच घाबरलेल्या माणसाला वाटतं, आता अटॅकच आला. साधी खूण अशी : आपला श्वास शेजारी बसलेल्याला ऐकू येत असेल तर तो मोठा होतोय.

पहिल्याच दिवशी सहावर उडी मारू नये, जीव गुदमरतो. पहिला आठवडा 3 आत, 4 बाहेर. दुसरा आठवडा 4 आणि 5. मग 4 आणि 6. मध्येच जांभया येऊ लागल्या किंवा हवा पुरेना, तर एक पायरी खाली यायचं. जेवणानंतर तासभर तर नकोच. भरल्या पोटी छाती आणि पोटामधला श्वासाचा पडदा नीट खाली सरकत नाही.

मोजायला ॲप लागत नाही. चार बोटांची पेरं 12, दर श्वासाला अंगठा एक पेर पुढे सरकवायचा. एक फेरी दोन मिनिटांची, पाच फेऱ्यांत दहा मिनिटं. घरात माळ असेल तर 108 मण्यांना 18 मिनिटं. 2001 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या एका अभ्यासात लॅटिनमधली जपमाळेची प्रार्थना आणि ‘ओम मणि पद्मे हुम्’ या दोन्हींनी श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास येतो असं दिसलं होतं. म्हणजे जप करणाऱ्या आजीला घड्याळाची गरज नव्हतीच. ॲपची खरी अडचण वेगळी : ट्रेनच्या दारात फोन हातात धरून स्क्रीनवरचा गोल फुगताना-आकसताना बघत राहणं म्हणजे हातावर फटका मारून फोन पळवणाऱ्याला आमंत्रण.

लोकलमध्ये हे जमतं का? बसायला मिळालं तर उत्तम जमतं. अडचण बॅगेची. मुंबईकर बॅग पुढे, पोटावर घेतो; तिच्या दाबाने पोट हलत नाही आणि श्वास वर खांद्यांत चढतो. बॅग रॅकवर टाका. उभं असाल तर पट्टे लांब करून ती पोटाखाली सोडा आणि बरगड्या बाजूंना फुलू द्या. तिघांच्या बाकावर चौथ्या सीटला अर्धं बूड टेकवून मात्र नादी लागू नये. तोल सांभाळायला पोटाचे स्नायू आवळलेलेच राहतात. सकाळच्या दहा मिनिटांसाठी नळाला पाणी येण्याआधीची वेळ सर्वांत टिकाऊ ठरली, कारण ती चुकत नाही.

निराशा होते ती एका ठिकाणी. सराव नसताना ऐन भांडणात किंवा साहेबाच्या केबिनबाहेर 4-6 मोजायला गेलं की आकडेच हुकतात. त्या क्षणी दुसरी युक्ती बरी : नाकाने एक पूर्ण श्वास, त्यावरच आणखी एक छोटा घोट, मग तोंडाने सावकाश सोडणं. दोन-तीनदा पुरे. स्टॅनफर्डच्या 2023 मधल्या अभ्यासात हेच रोज पाच मिनिटं महिनाभर करणाऱ्यांची मनःस्थिती ध्यान करणाऱ्यांपेक्षा अधिक सुधारली होती.

काहींना श्वासाकडे लक्ष दिलं की उलट घाबरायला होतं. त्यांनी हट्ट करू नये. अमेरिकन डॉक्टर एडमंड जेकबसनची स्नायू सैल करण्याची पद्धत त्यांना जास्त मानवते : मूठ पाच-सात सेकंद आवळायची, सोडून अर्धा मिनिट तो सैलपणा नुसता जाणायचा, मग दंड, खांदे, जबडा, पोटऱ्या. गाडीत कुणाच्या लक्षातही येत नाही.

आणि चहा. कॅफीन निम्मं व्हायला सुमारे पाच तास लागतात. सहा वाजताच्या दोन कटिंगमधलं एक रात्री अकरालाही अंगात असतं. त्यावर श्वासाची मात्रा चालत नाही. तशीच ती सलग दोन आठवडे झोप, भूक, कामातला रस गेलेला असताना पुरत नाही. तिथे डॉक्टरच हवेत. सरकारची टेली मानस सेवा 14416 वर चोवीस तास मोफत आहे, मराठीतही.

पावसाळ्यात नाक चोंदलं की सगळा कार्यक्रम कोसळतो. तोंडाने केलं तर घसा सुकतो, गतीही सुटते. जलनेती उपयोगी पडते, पण नळाचं पाणी थेट नाकात नको, त्यातून अमिबाचा संसर्ग होऊ शकतो. अर्धा लिटर पाणी उकळून कोमट होऊ द्यावं, त्यात सपाट पाऊण चमचा, म्हणजे साडेचार ग्रॅम मीठ. मीठ कमी पडलं तरी झोंबतं, जास्त झालं तरी. नाक पूर्ण बंद असेल तर तेही नको. त्या दिवशी नुसत्या मुठी आवळाव्यात.